येणारी एसटी

जिंतूरला, स्टँडच्या मागं, माझं रेडियमचं दुकान.
नंबरप्लेटा, ऑटोच्या काचेवर गरुड,
ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला नवऱ्या-बायकोचं नाव.
कापून उरलेलं मी फेकत नाही.
चारच्या पोटातला थेंब, आठची दोन भोकं,
सगळं बिस्किटाच्या बरणीत.

त्या बरणीतून सुमेधचा दिवस निघाला.

परभणीच्या मॅडम म्हणाल्या, त्याला सांगू नका, दाखवा.
बोललेलं निघून जातं,
चित्र थांबतं त्याच्यासाठी.
म्हटलं, मॅडम, चिकटून राहणारी वस्तू
हाच तर माझा धंदा.

दारामागं वेल्क्रोची पट्टी लावली.
ब्रश. तांब्या. भाकर. दप्तर. दुकान. खिचडी. चांदोबा.
एक काम झालं की ते चित्र उपसायचं,
खाली पत्र्याच्या डब्यात टाकायचं.
वेल्क्रोची चर्र आणि डब्याची टण्ण,
त्या दोन आवाजांसाठी
लेकरू दात घासायला लागलं.

शेजारच्या मुक्ताबाई म्हणाल्या,
"काहून ओ, घरात बी दुकान मांडायलेत?"
प्रज्ञा म्हणाली, "कॅलेंडर आहे ते.
तुमचं महिन्याचं, आमचं आजचं."

अडचण नळाची होती.
नळ आठव्या दिवशी येतो, नाहीतर अकराव्या,
पहाटे तीनला, नाहीतर ऐन जेवताना.
मॅडमच्या फाईलीत असला नळ नव्हता.
निळा तांब्या पट्टीवर, आणि टाकी कोरडी,
अशा दिवशी तो मोरीत उभा राहायचा
उघडा, कानांवर हात,
आणि आम्ही दोघं बाहेर, एकमेकांकडे न बघता.
शेवटी तांब्या पट्टीवरून काढला, खिळ्याला लटकवला.
पाणी आलं की तो मधेच घुसणार,
भाकरीला खाली ढकलणार.
पहिल्यांदा त्यानं ढकलू दिलं नाही. चावला.
सतराव्यांदा दिलं.
मी मोजत होतो.

माल आणायला जालन्याला जायचं असलं
की पूर्वी मी पळून जायचो, तो झोपेत असताना.
परवा ठरवलं, चोरासारखं नाही जायचं.
लाल रेडियमच्या दोन एसट्या कापल्या.
एक डावीकडं तोंड करून, जाणारी.
एक उजवीकडं, येणारी.
जाणारी दप्तरावर लावली,
येणारी खिचडी आणि चांदोबाच्या मधे.
त्यानं दोन्ही बघितल्या, नाक टेकवून,
आणि येणारीच्या अंगावर बोट आपटत राहिला.
काय चुकलं ते मला कळेना.
पावणेसातची गाडी होती. निघालो.

येताना मंठ्याच्या अलीकडं टायर गेलं.
एका टपरीच्या बाकड्यावर बसून
मी घड्याळात त्याची पट्टी वाचत होतो.
आता दप्तर. आता दुकान, माझ्याशिवाय.
आता खिचडी.
आता खिचडी झाली.

पोहोचलो तेव्हा साडेअकरा.
लाईट गेलेली. मोबाईलची बॅटरी मारली
तर दारामागं काहीच चकाकलं नाही,
सगळा दिवस डब्यात गेला होता, चांदोबासुद्धा.
फक्त पट्टीच्या खाली, जिथं वेल्क्रो संपतं,
उघड्या भिंतीवर लाल एसटी,
खिचडीच्या शितांनी चिकटवलेली.

प्रज्ञा अंधारातून म्हणाली,
"दर चित्रामागं लावून बघत होता. बसेना कुठं.
आत्ता झोपला."

मी जवळ जाऊन उजेड धरला.
एसटीच्या कुशीत नखानं खरवडलेला एक चौकोन,
रेडियम सोलून निघालेलं, वाकडं, खोल.
तेव्हा कळलं सकाळचं.
जाणारीला मी दार कापलं होतं.
येणारीची बाजू ड्रायव्हरची, तिला दार नव्हतं.
मी उतरणार कुठून?

शितं अजून ओली होती.
मी हात लावला नाही.